झाकोपानेची लाकडी घरं कशी पाहावीत

झाकोपानेत एका दिवसासाठी येणारा माणूस साधारण असा फिरतो: क्रुपूफ्की हा पायी चालायचा बाजाररस्ता, तिथून फ्युनिक्युलरने (उतारावरची दोरीने ओढली जाणारी रेल्वे) गुबावुफ्का टेकडीचा माथा, खाली उतरून भाजलेलं चीज आणि संध्याकाळची परतीची बस. फोनमध्ये लाकडी घरांचे फोटो भरपूर जमलेले असतात, पण त्यातली बरीचशी म्हणजे अलीकडची हॉटेलं, सिमेंटच्या ठोकळ्यावर फळ्या मारलेली. ज्या घरांमुळे या गावाचं नाव झालं ती बाजाररस्त्यावर फारशी नाहीतच. ती कोश्च्येलिस्का नावाच्या रस्त्यावर आहेत, कोझिन्येत्स टेकडीवर आहेत, याश्चुरुफ्काच्या झाडीत आहेत. तिथे गर्दी कमी असते.

ही घरं पाहण्याचा एक क्रम आहे. आधी शेतकऱ्याचं घर, मग बंगला. उलट केलंत तर बंगले नुसते देखणे वाटतील. त्यातलं काय कुठून उचललंय ते कळणार नाही, आणि तिसऱ्या बंगल्यानंतर कंटाळा येईल.

थोडी पूर्वपीठिका

झाकोपाने पोलंडच्या दक्षिण टोकाला, तात्रा पर्वताच्या पायथ्याशी आहे. क्राकूफपासून अंतर सुमारे १०० किलोमीटर. या मुलखाला पोद्हाले म्हणतात आणि इथल्या डोंगरी लोकांना गुराले. पोलिशमध्ये ‘गुरा’ म्हणजे डोंगर, आपल्या ‘गिरी’चं दूरचं भावंड. मेंढ्या राखणारी, तुटपुंजी शेती करणारी ही माणसं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वॉर्साचे डॉक्टर तितुस हावुबिन्स्की यांनी इथल्या हवेचा गवगवा केला, क्षयाचे रोगी आणि हौशी पाहुणे येऊ लागले, १८९९ मध्ये रेल्वेही पोचली.

पाहुण्यांसाठी घरं बांधायची तर कोणत्या धाटणीची, हा तेव्हाचा वाद. गावातल्या लाकूडकामाच्या शाळेत आल्प्सकडची ‘स्विस’ पद्धत शिकवत: बसकं छप्पर, लांबच लांब सज्जे, पातळ फळीत कापलेली जाळीदार नक्षी. स्तानिस्वाव वित्क्येविच (१८५१–१९१५) या चित्रकार-समीक्षकाला ते पटेना. गुराल्यांच्या घरात सगळं आहेच, तेच मोठं करा, असा त्यांचा हट्ट. त्यातून १८९२ साली ‘कोलिबा’ या बंगल्याचं काम सुरू झालं आणि ‘झाकोपाने शैली’ जन्माला आली. कोलिबा म्हणजे धनगराची डोंगरावरची खोपी. आत दिवाणखाना, जेवणघर, शयनगृह असलेल्या बंगल्याला हे नाव ठेवण्यातच वित्क्येविच काय म्हणत होते ते आलं.

कधी जावं, कसं पोचावं

सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये दिवस मोठा असतो, पण पाऊसही तेव्हाच जास्त, आणि दुपारनंतर ढग गडगडतात. हिवाळ्यात छपरांवर बर्फ बसतो. दिसतं सुंदर, पण छपराचं काम झाकलं जातं, आणि डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. शिवाय थंडीत घरोघरी शेगड्या पेटल्या की दरीत धूर कोंडतो, दम्याच्या माणसाने हे ध्यानात घ्यावं. टाळायचे दिवस ठरलेले आहेत: १ ते ३ मेची सुट्टी, १५ ऑगस्टच्या आसपासचा आठवडा (तिकडेही त्या दिवशी सुट्टी असते, कारण वेगळं), नाताळ ते नववर्ष, आणि जानेवारी-फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्या.

भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. ज्या देशात सर्वाधिक रात्री मुक्काम त्याच देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी तरी तो जायलाच हवा. ३० हजार युरोचं संरक्षण देणारा प्रवासविमा सक्तीचा आहे.

वॉर्साहून क्राकूफ रेल्वेने साधारण अडीच तास. क्राकूफच्या मुख्य स्थानकाच्या मागेच बस स्थानक आहे, तिथून झाकोपानेच्या बस दिवसभर सुटतात. रस्ता मोकळा असेल तर दोन ते अडीच तास. तो मोकळा नसतो तेव्हा मात्र चार-पाच तासांचीही तयारी ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी झाकोपानेकडे आणि रविवारी दुपारी क्राकूफकडे हा रस्ता तुंबतो. पावसाळी शनिवारी आपला खंडाळा घाट आठवा. २०२२ च्या नोव्हेंबरात वाटेतला दोन किलोमीटरचा बोगदा खुला झाला, त्याने मधला टप्पा सुटला, पण गावात शिरतानाची रांग तशीच आहे. त्या दोन वेळांना रेल्वे बरी. एरवी बसला तोड नाही.

भिंत वाचायची कशी

आपल्या वाड्यात भार पेलतात खांब आणि तुळया, भिंत नुसती भरायची असते. गुराल्याच्या घरात खांबच नाहीत. भिंत हाच सांगाडा. स्प्रूसचा किंवा फरचा ओंडका मधोमध उभा चिरायचा, अर्धगोल बाजू बाहेर ठेवायची, सपाट बाजू आत, आणि एकावर एक आडवे रचत जायचं. या अर्ध्या ओंडक्याला ‘पुआझा’ म्हणतात. जुन्या घरांतले पुआझे इतके रुंद की जोत्यापासून वळचणीपर्यंत पाच-सहातच भिंत पुरी होते. म्हणून पहिली खूण: ओंडके मोजा. थोडे आणि रुंद असतील, त्यातही खालचा वरच्यापेक्षा वेगळ्या जाडीचा असेल, तर घर जुनं. वीस-पंचवीस एकसारखे बारीक ओंडके दिसले तर ते यंत्रावर गोल केलेलं अलीकडचं लाकूड.

मग कोपऱ्याजवळ जा. सगळी हुशारी कोपऱ्यात आहे. दोन भिंतींचे ओंडके इथे एकमेकांत अडकतात. सांध्याची टोकं बाहेरच्या अंगाला रुंद, आतल्या अंगाला निमुळती, पाकोळीच्या शेपटीसारखी. पोलिश सुतार त्याला तेच नाव देतात. वरचा भार जितका वाढेल तितका हा सांधा घट्ट बसतो, आणि उतरत्या कापांमुळे पाणी आत न मुरता बाहेर निथळतं. ओंडक्याच्या तोडावर वर्षांची वलयं अर्धचंद्रासारखी दिसली पाहिजेत. वलयं नाहीतच, उभी फट आहे किंवा कोपऱ्यावर झाकणपट्टी मारलेली आहे? मग ती सजावट आहे, आत वीट आहे.

ओंडक्यांमधल्या फटींकडे पाहा. पूर्वी त्यात शेवाळ ठासत. आता लाकडाचा लांब कीस पिळून केलेली वेणी ठोकून बसवतात, तिला ‘वेवन्यांका’ म्हणतात. नव्या घरावर ही वेणी सोनेरी दिसते, काही वर्षांत करडी होते. ती शोभेची नाही. लाकूड आडव्या अंगाने आक्रसतं, उभ्या अंगाने जवळजवळ नाहीच. ताज्या लाकडाची भिंत पहिल्या काही वर्षांत उंचीला दोन-तीन टक्के तरी खाली बसते, म्हणजे अडीच मीटरच्या भिंतीला पाच-सात सेंटिमीटर. फटी बदलत राहतात आणि वेणी पुन्हा ठोकावी लागते. दारं-खिडक्यांच्या उभ्या चौकटी मात्र बसत नाहीत. त्यामुळे चौकटीच्या वर जागा मोकळी सोडून ती कीसाने भरतात. ही जागा न सोडणारा मिस्त्री दोन हिवाळ्यांत पकडला जातो: भिंत चौकटीवर टेकते, शेजारच्या ओंडक्यांत फट पडते आणि दार उघडेनासं होतं. नव्या ‘पारंपरिक’ बंगल्यांत दार वरून घासलेलं दिसलं तर कारण बहुधा हेच.

वळचणीखाली मान वर करा. भिंतीचे सगळ्यात वरचे ओंडके कोपऱ्यापाशी पायरीपायरीने बाहेर आलेले दिसतील, प्रत्येक वरचा खालच्यापेक्षा लांब. त्यांना ‘रिशे’ म्हणतात. पुढे आलेल्या छपराचा भार यांच्यावर. टोकं वळणदार कापलेली असतात. खऱ्या घरात ही टोकं भिंतीतल्याच ओंडक्याची, नकलेत वेगळी घडवून स्क्रूने बसवलेली. जोड शोधला की सापडतो.

छप्पर उभट, पंचेचाळीस अंशांच्या वरचं, कारण बर्फ साचून राहता कामा नये. त्यावर ‘गोंत’, म्हणजे हातभर लांबीच्या लाकडी चिपा. प्रत्येक चिपेची एक कड पातळ धारेसारखी, दुसऱ्या कडेला खाच. एकीची धार दुसरीच्या खाचेत जाते. हाताने फोडलेली चिप आणि करवतीने कापलेली चिप यांत मोठा फरक आहे. फोडताना लाकूड स्वतःच्या रेषेने सुटतं, तंतू सलग राहतात, पाणी वरून घसरतं. करवत तंतू मधेच तोडते, तोंडं उघडी पडतात, पाणी शोषलं जातं. मग शेवाळ येतं आणि चिप कुजते. छपराचा उत्तरेकडचा उतार आधी जातो, तिथे ऊन नाही. एकाच घराच्या दोन उतारांवर चिपांचा रंग वेगळा दिसला तर एक बाजू अलीकडे बदललेली आहे.

‘या घरात एकही खिळा नाही’ हे वाक्य तुम्हाला इथे पुष्कळदा ऐकू येईल. भिंतींपुरतं ते खरं असू शकतं, सांधे आणि लाकडी खुंट्यांवर भिंत उभी राहते. पण गोंत खिळ्यांनीच ठोकतात. चौकशी करायचीच तर ‘भिंतीत, की छपरात?’ असं विचारा.

आढ्याच्या टोकावर उभी राहणारी कोरीव शेंडी म्हणजे ‘पाझ्दुर’. त्रिकोणी माळदभिंतीवर फळ्या सूर्यकिरणांसारख्या पसरलेल्या असतात. दाराच्या चौकटीवर लाकडी खुंट्यांची डोकी रांगोळीच्या ठिपक्यांसारखी मांडलेली दिसतील. थोड्या कामाच्या, बाकीच्या हौसेच्या.

पहिला दिवस: सोब्चाकांचं घर, मग कोश्च्येलिस्का

सकाळी आधी वरच्या अंगाला, द्रोगा दो रोयूफ ६ या पत्त्यावर जा. गाँश्येनित्सा-सोब्चाक घराण्याचं हे जुनं शेतकरी घर आता तात्रा संग्रहालयाची शाखा आहे. पाऊण तास पुरतो. तात्रा संग्रहालयाच्या शाखांच्या सुट्ट्या ऋतूप्रमाणे बदलतात, सोमवारी दार बंद मिळण्याची शक्यता सर्वाधिक. सोमवार आला तर दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम आधी उरका.

घराची रचना तीन भागांची. मधे ‘श्येन’, आपल्या देवडीसारखी. एका हाताला ‘चार्ना इझ्बा’ म्हणजे काळी खोली, दुसऱ्या हाताला ‘ब्यावा इझ्बा’, पांढरी खोली. काळ्या खोलीत चूल, धुराड्याविना. धूर छताला लागून मग वाट काढी, म्हणून वरचं लाकूड डांबरासारखं काळं. त्या धुराने लाकडात कीडही धरत नसे. घर राहायचं ते याच खोलीत. पांढरी खोली सणासुदीची, पाहुण्यांची. पुढे शहरी पाहुणे यायला लागल्यावर याच खोल्या त्यांना भाड्याने गेल्या. झाकोपानेचा सगळा पर्यटनधंदा तिथून सुरू झालाय.

खोलीत शिरताच वर बघा. छताखालून आरपार जाणारी एक जाड तुळई असेल: ‘सोसरेंब’. घराची जन्मपत्रिकाच ती. तिच्यावर बांधल्याचं साल, ख्रिस्ताची आद्याक्षरं, कधी मालकाचं तर कधी सुताराचं नाव, आणि मधोमध वर्तुळात सहा पाकळ्यांचं फूल. हे फूल म्हणजे आपण शाळेत कंपासपेटीतल्या कर्कटकाने काढायचो तेच. त्रिज्या न बदलता परिघावर सहा वेळा टोक टेकवायचं. मधल्या बिंदूवर अजून बारीक भोक दिसतं, कर्कटकाचं टोक रुतल्याचं. फोनचा टॉर्च तुळईला समांतर धरा, कोरीव कडा सावलीने उठून दिसतात. समोरून धरलात तर सगळं सपाट होतं. फ्लॅश बंदच ठेवा.

तिथून उतारावर क्रुपूफ्कीतून अर्ध्या तासात खालच्या टोकाला पोचता. वाटेत क्रुपूफ्की १० ला तात्रा संग्रहालयाची मुख्य इमारत लागते. ती लाकडी नाही. वित्क्येविच यांनीच आराखडा केलेली, पण दगड-विटांची. लाकडातली शैली दगडात नेली की काय हरवतं ते बघायला बाहेर पाच मिनिटं थांबा.

खालच्या टोकाला डावीकडे कोश्च्येलिस्का रस्ता सुरू होतो. दोन-चार मिनिटांवर १८४७ मध्ये बांधायला घेतलेलं जुनं लाकडी चर्च आहे आणि त्याला लागून पेंक्सोवी ब्झिझेक ही दफनभूमी. प्रवेशाला किरकोळ शुल्क असतं, सुट्टे झ्वोती (पोलिश चलन) जवळ ठेवा. इथे कोरीव लाकडी स्मृतिस्तंभ आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर छोटंसं दुपाखी छप्पर आहे. कारण साधं: लाकडाला पाणी डोक्यातून लागतं. उभ्या लाकडाचा वरचा तोड उघडा राहिला तर तंतूंच्या नळ्यांतून पाणी थेट आत उतरतं आणि स्तंभ आतून पोकळ होतो. हावुबिन्स्की आणि वित्क्येविच दोघेही इथेच आहेत. वित्क्येविच यांचा लेखक-चित्रकार मुलगा वित्कात्सी याचे म्हणून युक्रेनमधून आणलेले अवशेष १९८८ मध्ये इथे पुरले गेले. १९९४ मध्ये थडगं उघडून तपासलं तेव्हा ते एका अनोळखी बाईचे निघाले.

पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना जुनी घरं आहेत आणि त्यांत माणसं राहतात. फाटकाच्या आत जाऊ नका, खिडकीतून फोटो काढू नका. दर्शनी बाजू बहुधा दक्षिणेला असते, दोन्ही खोल्यांना ऊन मिळावं म्हणून. त्यामुळे दुपारच्या उन्हात समोरची बाजू स्वच्छ दिसते. पण तासणीचे घाव पाहायचे असतील तर तिरपं ऊन हवं, म्हणजे संध्याकाळ.

कोलिबा १८ क्रमांकाला. आत ‘झाकोपाने शैलीचं संग्रहालय’ आहे. सकाळी पाहिलेलं घर डोक्यात ठेवून फिरा आणि जोड्या लावा. सोसरेंब इथेही आहे. तेच सहा पाकळ्यांचं फूल आता कपाटावर, पलंगावर, खुर्चीच्या पाठीवर उतरलंय. पण घराखाली उंच दगडी जोतं आलं, वर मजला चढला, छपरातून खिडक्या निघाल्या, व्हरांडा आला. गुराल्याच्या घरात यातलं काहीच नव्हतं. खुर्च्या पाहून एक प्रश्न पडतोच: यांच्यावर बसणं सुखाचं असेल का? फारसं नसावं. शैलीच्या टीकाकारांना इथे मुद्दा सापडतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. किमान दीड तास ठेवा.

दुसरा दिवस

झामोइस्किएगो २५ इथला ‘ओक्शा’ हाही वित्क्येविच यांचाच बंगला, आता कलादालन. क्रुपूफ्कीच्या वरच्या टोकापासून पायी अंतर. कास्प्रुशे १९ इथलं ‘आत्मा’ हे घर नावामुळे मराठी माणसाला थबकवतं. शब्द आपलाच, संस्कृत. संगीतकार कारोल शिमानोव्स्की १९३० ते १९३५ मध्ये इथे राहिले आणि गुराल्यांच्या चाली त्यांनी आपल्या रचनांत घेतल्या. घर लहान, अर्ध्या तासात होतं.

नंतर कोझिन्येत्स टेकडीवरचा ‘पोद येद्लामी’, म्हणजे फरच्या झाडांखाली. १८९७ चा. या शैलीतला सगळ्यात भव्य बंगला हाच: अवाढव्य दगडी जोतं, त्यावर एकमेकांत घुसलेली छपरं. खासगी आहे, आत प्रवेश नाही, रस्त्यावरूनच पाहायचा. पानझडीनंतर अधिक दिसतो. चढ थोडा आहे पण दमवणारा नाही. पावसात दगड निसरडे होतात, सपाट तळव्याचे बूट नकोत.

तिथून पूर्वेला याश्चुरुफ्काचं चॅपेल. मोर्स्किए ओको या डोंगरी तलावाकडे जाणाऱ्या मिनीबस तिथूनच जातात. चढताना चालकाला ‘याश्चुरुफ्का, काप्लित्सा’ एवढं सांगा. १९०४ ते १९०७ मध्ये उभं राहिलेलं हे काम वित्क्येविच यांच्या शेवटच्या कामांतलं. दगडी जोत्यावर लाकडी देह, आणि आत वेदीच गुराल्याच्या घराच्या दर्शनी बाजूसारखी घडवलेली. रविवारी सकाळी प्रार्थना असते, त्या वेळी पर्यटक म्हणून आत शिरू नये. परतीची मिनीबस रस्त्याच्या पलीकडून हात करून थांबवायची. दुपारी तीननंतर डोंगरातून उतरणाऱ्या लोकांनी ती भरलेली असते, तेव्हा जागा मिळत नाही. सकाळी अकराच्या आत हे चॅपेल उरकलं तर हा त्रास नाही.

होहोवुफ चुकवू नका

झाकोपानेहून वायव्येला सतरा-अठरा किलोमीटर, मिनीबसने अर्धा ते पाऊण तास. होहोवुफ हे एका रस्त्याचं गाव आहे. दोन्ही बाजूंना लाकडी घरं, रस्त्याकडे त्रिकोणी बाजू करून ओळीने उभी. झाकोपानेतली घरं उन्हापावसाने काळपट झालेली असतात, इथली फिकट पिवळी. हे रंगाचं काम नाही. इथे भिंती धुतात. ईस्टरच्या किंवा कॉर्पस क्रिस्टीच्या सणाआधी बाया ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन ओंडके घासून काढतात, आपल्याकडे दिवाळीआधी घर सारवायचे तसं. वरचा करडा थर निघतो, खालचं लाकूड उजळतं. वर्षानुवर्षं घासल्याने गाठींच्या जागा किंचित उंच राहिल्या आहेत, कारण गाठ कठीण, भोवतालचं लाकूड मऊ. रस्त्यालगतच्या ओंडक्याकडे तिरपं पाहिलं तरी हे उंचवटे दिसतात.

१८८९ साली एकाच फरच्या झाडापासून बांधलेलं म्हणून सांगतात ते घरही याच रस्त्यावर. ओंडक्यांची रुंदी पाहिली की गोष्ट अशक्य वाटत नाही. १८४६ मध्ये ऑस्ट्रियन सत्तेविरुद्ध इथे झालेल्या उठावाचं छोटं संग्रहालय इथल्याच एका जुन्या घरात आहे. गावाजवळ मोठं गरम पाण्याचं स्नानगृह झालंय, बसमधले निम्मे लोक तिथेच उतरतात. तुम्ही पुढे चर्चपाशी उतरा आणि रस्त्याने मागे चालत या.

लाकडी घरात राहायचं असेल तर

‘नोत्सलेगी’ किंवा ‘पोकोये’ अशी पाटी म्हणजे घरगुती खोल्या. आरक्षणाआधी तीन गोष्टी विचारा. पहिली, न्हाणीघर खोलीला जोडून आहे की सामायिक. दुसरी, खोली कोणत्या मजल्यावर: लाकडी भिंत थंडी छान अडवते, पण लाकडी तक्तपोशी आवाज अडवत नाही. वरच्याने रात्री टाच टेकवली तरी खाली ऐकू येतं, म्हणून वरची खोली मागा. तिसरी, क्रुपूफ्कीपासून अंतर. त्या रस्त्यावर उशिरापर्यंत संगीत चालू असतं. हिवाळ्यात नि वसंतात ‘हाल्नी’ नावाचा कोरडा, उबदार डोंगरवारा सुटतो. तो सुरू झाला की जुनं घर रात्रभर कुरकुरतं. घाबरण्याचं कारण नाही, सांधे हलण्यासाठीच केलेले आहेत. पण गुबावुफ्काच्या फ्युनिक्युलरच्या आणि कास्प्रोवी शिखराच्या केबलकारच्या फेऱ्या वाऱ्यामुळे बंद पडतात, तेव्हा तो दिवस घरांसाठी ठेवा.

घरमालक म्हातारे असतील आणि बोलण्याचा योग आला तर कोल्हापूरचं नाव काढून पाहा. शहराजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ मध्ये सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, पोलंडमध्ये हा विषय माहीत असणारी माणसं भेटतात.

खाण्याचं

शाकाहारी माणसाचं अडत नाही, पण विचारून घ्यावं लागतं. ‘मोस्कोल’ ही उकडलेला बटाटा आणि पिठाची, तव्यावर भाजलेली जाड भाकरी, लसणीच्या लोण्यासोबत. थालीपिठाची आठवण येणारच. बटाटा-चीजचं सारण असलेले ‘पिएरोगी रुस्किए’ शाकाहारी वाटतात, पण वरून डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालतात. मागवतानाच ‘बेझ स्क्फार्कूफ’ म्हणा. ‘क्फाश्नित्सा’ हे आंबवलेल्या कोबीचं सूप मांसाच्या हाडांवरच होतं, ते सोडा.

‘ओस्त्सिपेक’ हे मेंढीच्या दुधाचं, धुरावर धरलेलं, चातीसारखं दोन टोकांना निमुळतं चीज. २००८ पासून या नावाला युरोपीय संघाचं संरक्षण आहे. दूध किमान ६० टक्के मेंढीचं हवं, आणि मेंढ्या दूध देतात तेव्हाच ते बनतं, म्हणजे मे ते सप्टेंबर. फेब्रुवारीत ठेल्यावर ‘ताजं’ मिळतंय ते गाईच्या दुधाचं. वाईट नसतं, पण त्याला ओस्त्सिपेकचा भाव देऊ नका. जमवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, कडक शाकाहारींनी टाळावं. कोरीव साच्यातून काढल्यामुळे चीजच्या पोटावर नक्षीचा पट्टा उमटतो, आणि तो साचाही घरांवर नक्षी कोरणाऱ्या याच मुलखात लाकडातून कोरलेला असतो.

एक दिवस जास्त असेल तर

नोव्ही तार्गमार्गे देम्ब्नो गाठा. तिथलं पंधराव्या शतकातलं लार्चच्या लाकडाचं चर्च २००३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, दक्षिण मावोपोल्स्का प्रांतातल्या सहा लाकडी चर्चपैकी एक. आतल्या भिंती आणि छत इ.स. १५०० च्या सुमाराला स्टेन्सिल ठेवून रंगवलेले. झाकोपानेहून थेट बस कमीच, नोव्ही तार्गला बदलावी लागते, म्हणून परतीची वेळ तिथल्या थांब्यावरच्या कागदावर आधी वाचून घ्या. शनिवार-रविवारच्या फेऱ्या वेगळ्या असतात आणि वेळापत्रकात त्या एखाद्या अक्षराच्या खुणेने दाखवलेल्या असतात. खुणेचा अर्थ तळाशी बारीक छापात सापडतो.